आत्याची बारावी ओळ

माझ्या आत्याने आयुष्यभर इमारती उभ्या केल्या, पण एकाही इमारतीत तिला स्वतःला शिरता आलं नाही. फार तर हात शिरायचा, तोही कोपरापर्यंत.

ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं बनवायची. एकतीस वर्षं पुठ्ठा, प्लायवुड, कटर आणि गोंद. ऑफिसात तिला सगळे पुठ्ठेबाई म्हणत आणि ते तिला चालायचं, कारण तिच्या आधी त्या जागेवर असलेल्या माणसाला नुसतंच “अहो, ते” म्हणत. तिच्या बोटांना कायम गोंद असायचा. ज्या कागदाला हात लावी तो कागद तिच्याबरोबर निघे. एकदा दवाखान्यातून कुणा परक्या बाईचा रिपोर्ट असाच हाताला चिकटून घरी आला आणि आपलाच समजून आत्या दोन दिवस डाव्या गुडघ्याने लंगडत होती. खरं कळल्यावर तिने तिसऱ्या दिवशी उजवा पाय पुढे टाकून सगळ्या ऑफिसला चालून दाखवलं.

मी त्याच ऑफिसात नकाशे काढायला होते. वशिल्याने लागले, असं लोक म्हणतात. खरं आहे. पण वशिला लावून आत्याने मला मिळवून दिलं काय, तर तिच्या खोलीच्या दाराशी असलेलं टेबल, म्हणजे तिला दिवसभर बसल्या जागेवरून हाक मारता यावी.

घरीही तीच तऱ्हा. आम्ही पहिल्या मजल्यावर, आत्या दुसऱ्यावर. आणि आई व आत्या यांच्यात अकरा वर्षं अबोला. आता अबोला म्हटलं की लोकांना वाटतं, जमीनजुमला असेल, दागिने असतील. आमच्याकडे कांदे होते.

झालं होतं असं, की आत्याने एका रेल्वे स्टेशनचं मॉडेल केलं होतं. ते स्टेशन पुढे बांधलंच गेलं नाही. साहेबांनी, म्हणजे ऑफिसच्या मालकांनी, मॉडेल टाकून द्यायला सांगितलं. आत्याला ते टाकवेना. तिच्या घरी जागा नव्हती म्हणून तिने ते आमच्या माळ्यावर ठेवलं. आठ फलाट, वर जाळीचं छप्पर. आईला त्यात एकच गोष्ट दिसली: चारही बाजूंनी वारा खेळतो. महिन्याभराने आत्या आमच्याकडे चहाला आली, तर स्वयंपाकघरात तिचं स्टेशन, आणि आठही फलाटांवर कांदे.

“वहिनी! अगं हे स्टेशन आहे!”

“असेल. पण गाडी काही येत नाही ना त्यात. कांदे बघा कसे कोरडे राहतात.”

“तुला कांद्यापलीकडे काही दिसतं की नाही?”

आईचं डोकं फिरलं. “वन्सं, तुम्ही एवढ्या इमारती केल्यात, आजपर्यंत कुणी राहायला तरी गेलंय का त्यांत? निदान कांदे तरी राहिले!”

आत्याने चहा अर्धा टाकला आणि वर निघून गेली. तेव्हापासून “तिला सांग” आणि “त्यांना सांग” या दोन वाक्यांच्या मध्ये मी जिना चढत-उतरत होते. बाबांनी बहीण आणि बायको यांच्यामध्ये वर्तमानपत्र उघडलं, ते अकरा वर्षं मिटलं नाही. त्यातसुद्धा दोघींची मजा अशी, की एका थंडीत आत्याने माझ्या हाती एक करडं लोकरीचं ब्लँकेट पाठवलं. “तिला सांग, उरलंय म्हणून देतेय, मुद्दाम नाही.” आईने ते घेतलं. “त्यांना सांग, गरज नव्हती, पण ठेवते.” त्या रात्रीपासून बाबा ते पांघरून झोपायला लागले. असले निरोप पोचवून पोचवून मी शहाणी होण्याऐवजी चिडकी झाले.

आईचं ते वाक्य मात्र आत्याला फार लागलं होतं. ती मला तसं कधी म्हणाली नाही, पण तेव्हापासून तिने एकही मॉडेल रिकामं ठेवलं नाही. शाळा केली तर वर्गात पोरं, दवाखाना केला तर बाकावर कुरकुरणारे पेशंट. साहेब म्हणायचे, “पुठ्ठेबाई, गिऱ्हाइकाला इमारत दिसू दे.” ती म्हणायची, “माणसं नसतील तर इमारत कशाला हवी, खोकं द्या त्यांना.”

आणि मग ऑफिसकडे संगीताच्या हॉलचं काम आलं.

साहेबांनी त्याची रचना कशी केली, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी एक कोरा कागद घेतला, हातात चुरगळला, टेबलावर टाकला आणि म्हणाले, “अशा भिंती.” मग ते जेवायला गेले. उरलेलं काम आत्याचं. तिने त्या चुरगळ्याच्या एकूण एक घड्या मोजल्या, त्यावर काचेची बरणी उपडी घातली आणि बरणीवर चिठ्ठी लावली: “हा कचरा नाही, ही दक्षिणेकडची भिंत आहे.” झाडणाऱ्या बाईंनी तरीसुद्धा एकदा ती भिंत केरात टाकली. दोघींनी मिळून ती भाजीच्या देठांतून शोधून काढली. हॉलच्या दक्षिणेच्या भिंतीला एका ठिकाणी जी जास्तीची घडी आहे, ती त्या दिवशी पडली. वास्तुकलेच्या मासिकात त्या घडीचं फार कौतुक झालं.

हॉलचा आवाज कसा असावा हे ठरवायला एक तज्ज्ञ बाई यायच्या. त्यांना आम्ही कानवाल्या बाई म्हणायचो. रस्त्यावरून येताना त्या दोन्ही कानांत कापूस घालत आणि आमच्या खोलीत आल्यावर तो काढून डबीत ठेवत. कुणी बिस्किट खाल्लं तरी त्यांना त्रास व्हायचा. त्यांनी आत्याला हॉलचं मॉडेल खऱ्याच्या एक दशांश करायला सांगितलं. म्हणजे पाच मीटर लांब! त्यात मंचाला खालून एक झाकण होतं. टेबलाखाली रांगत जायचं, झाकण उघडायचं आणि मंचावर आपलं मुंडकं वर काढायचं. मंचावर एक लहानशी ठिणगी उडवली की चट् असा आवाज व्हायचा, आणि ठिकठिकाणी ठेवलेले इवलेसे माइक तो आवाज भिंतींवरून कसा फिरतो ते टिपायचे.

“पण प्रेक्षक हवेत,” कानवाल्या बाई म्हणाल्या. “रिकामा हॉल वेगळा घुमतो, भरलेला वेगळा. आवाजाच्या दृष्टीने माणूस म्हणजे एक लोकरीचं बोचकं आहे.”

आत्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी तिच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. “किती माणसं?”

“सोळाशे बारा.”

एका दवाखान्याच्या जुन्या साठ्यातली करडी ब्लँकेटं ऑफिसात मागे आली होती. आमच्याकडे आलेलं ब्लँकेट त्यातलंच. उरलेल्यांची आत्याने माणसं शिवायला घेतली. वीतभरही नाहीत, आत पुठ्ठा, वर लोकर, चेहरा नाही. पण आत्यासाठी प्रत्येक जण कुणीतरी होता. हा आपला दातांचा डॉक्टर, ही पोस्टातली बाई, हे वरच्या मजल्यावरचे पाय आपटणारे. चारशेच्या आसपास तिच्या ओळखीची माणसं संपली, तशी ती माझ्या मागे लागली. “तुझ्या शाळेतलं कुणी सांग ना. तो नाकात बोलणारा होता तो?” मी माझा सगळा वर्ग दिला. बसवतानाही तिचे नियम होते. खोकणारे दाराजवळ. घोरणारे कडेला. दातांच्या डॉक्टरच्या आसपास त्याचा एकही पेशंट नको, बिचाऱ्यांना गाणं ऐकू दे.

सगळं झालं, ठिणगी उडाली आणि गडबड निघाली. आवाज एकदा व्हायचा आणि थोड्या वेळाने त्याची एक बारीक, खडखडीत नक्कल मंचावर परत यायची. प्रतिध्वनी. संगीताच्या हॉलमध्ये प्रतिध्वनी म्हणजे भाताच्या प्रत्येक घासाला खडा.

कॉम्प्युटरवर मात्र सगळं ठीक होतं. तिथे प्रतिध्वनीचं नाव नव्हतं. कानवाल्या बाईंनी हिशोब केला: दोष मंचापासून मॉडेलमधल्या दोन मीटरवर आहे. दोन मीटरवर होता बाल्कनीचा कठडा, साहेबांचा लाडका, वळणदार. आत्याने तो कठडा काढून नवा केला. प्रतिध्वनी तसाच. खाचांचा केला. तसाच. बुटका केला. तसाच, आणि साहेब आता तिच्याशी त्या प्रतिध्वनीसारख्याच खडखडीत आवाजात बोलायला लागले.

सोमवारी त्यांनी सांगून टाकलं. “पुठ्ठेबाई, कॉम्प्युटर बरोबर आहे आणि मॉडेल चूक आहे. शुक्रवारी अकरा वाजता हॉलवाले येणार आहेत. तोपर्यंत हा आवाज गेला तर ठीक. नाहीतर यापुढे सगळं कॉम्प्युटरवरच करू आणि या खोलीत छपाईचं नवं मशीन बसवू. तुम्हाला काय, वर फायलींच्या विभागात जागा देऊ.”

फायली! आत्याने तिचे चौदा कटर एका ओळीत लावले, मग उलट्या ओळीत लावले. मला रडू आलं. मी ते दाखवलं नाही, कारण मी दाखवलं असतं तर तीही रडली असती, आणि गोंदाच्या बोटांनी डोळे पुसणं म्हणजे मोठं संकट.

गुरुवारी दुपारी कानवाल्या बाईंनी दोन मीटरची दोरी आणली. मी टेबलाखालून रांगत जाऊन मंचावर मुंडकं काढलं आणि दोरीचं एक टोक दातांत धरलं. दुसरं टोक बाईंनी कठड्याला टेकवलं. “कठडाच आहे,” त्या हताश होऊन म्हणाल्या आणि त्यांच्या हातून दोरी सुटली. ती खाली पडली, तरीही तशीच ताठ. तिचं टोक बरोबर बाराव्या ओळीत बाबांच्या मांडीवर पडलं होतं.

बाबांच्या म्हणजे लोकरीच्या बाबांच्या. आणि तेव्हा मला जे दिसलं, ते गवयालाच दिसलं असतं, कारण मंचावर मुंडकं काढणारा जो तो ठिणगीकडे बघायचा, खुर्च्यांकडे तिथून कुणी पाहिलंच नव्हतं. सगळीकडे करडी लोकर आणि मधोमध, आडव्या वाटेला लागून, अडतीस खुर्च्यांची एक लांबलचक उघडी पट्टी, टक्कल पडावं तशी. चकचकीत प्लायवुड. आणि बरोबर मध्यावर एकटे बाबा.

“ही ओळ रिकामी का?” कानवाल्या बाईंनी विचारलं.

“तिथे कोण बसणार?” आत्या म्हणाली. “पुढे आमची माणसं, मागे तिची, म्हणजे वहिनीच्या माहेरची. मध्ये जो बसेल त्याला दोन्हीकडचं ऐकून घ्यावं लागेल.”

“आणि हा?”

“तो माझा भाऊ. त्याला सवय आहे.”

कानवाल्या बाईंनी डबीतला कापूस काढून परत कानांत घातला. सदतीस उघड्या खुर्च्या आवाज परत फेकत होत्या. कॉम्प्युटरने ओळ भरलेली धरली होती, कारण कॉम्प्युटरला आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. तीन आठवडे सगळं ऑफिस ज्याच्या मागे होतं, तो आमच्या कांद्यांचा प्रतिध्वनी होता.

“सदतीस माणसं करा आणि उद्या मोजू,” बाई कापसाआडून ओरडल्या. “पण कापड हेच हवं. दुसरं घेतलंत तर पहिल्यापासून सगळी मोजणी, दहा दिवस.”

ऑफिसातली ब्लँकेटं संपली होती. आत्याने कपाट उपसलं, चिंध्या झटकल्या, आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायला लागलो. या जगात त्या कापडाचं एकच ब्लँकेट उरलं होतं, आणि ते बाबांच्या अंगावर होतं.

“तिला सांग...” आत्याने सुरुवात केली.

“नाही सांगणार,” मी म्हणाले. “अकरा वर्षं सांगितलं. माझे गुडघे गेले. तो दवाखान्यातला रिपोर्ट बहुतेक माझाच असेल. खोली तुझी आहे, तूच जा.”

ती संध्याकाळी आली. एक मजला उतरायला तिला पाऊण तास लागला. जिन्यात तिने दोनदा आमच्याच कुंडीला पाणी घातलं, ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. आईने दार उघडलं. बाबांनी वर्तमानपत्र इतकं वर केलं की त्यांचं पोट दिसायला लागलं.

“वहिनी, ते ब्लँकेट...” आत्या म्हणाली आणि थांबली. तिची नजर आईच्या खांद्यावरून स्वयंपाकघरात गेली होती. तिथे वरच्या फळीवर तिचं स्टेशन होतं. पुसलेलं. आठही फलाट मोकळे. मोडलेलं छप्पर कुणीतरी दोऱ्याने नीट बांधलं होतं.

“कांदे कुठे गेले?”

“दुसऱ्याच दिवशी काढले,” आई म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत का?”

दोघी माझ्याकडे वळल्या, जणू चूक माझीच. मी सांगते, ती फळी मी रोज बघत होते, पण मला निरोप पोचवायचं काम होतं, फळ्या पोचवायचं नव्हतं.

आत्याने मग सगळं एका दमात सांगितलं. खोली, छपाईचं मशीन, फायली, शुक्रवार, बारावी ओळ. आईने ऐकून घेतलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. “मला कुठे बसवलंय?”

आत्याने खाली पाहिलं. “बाल्कनीत.”

“बाल्कनीत कुठे?”

“शेवटच्या ओळीत. स्वच्छतागृहाच्या दाराशी.”

वर्तमानपत्र थरथरत होतं. बाबा हसत होते.

“उद्या किती वाजता जायचं?” आई म्हणाली.

सकाळी सातला आई ऑफिसात हजर, काखेत ब्लँकेट, पर्समध्ये स्वतःची कात्री. आल्या आल्या तिला टेबलाखालून नेलं. मंचावर तिचं मुंडकं वर आलं आणि पंधराशे पंच्याहत्तर माणसं तिच्याकडे बघत बसली. आईने एकेकाला ओळखायला सुरुवात केली. “हा दातांचा डॉक्टर ना? एका खांद्यात वाकलेला. आणि ही माझी मावशी! अगदी अशीच बसते हो, उठायच्या तयारीत!” चेहरा एकालाही नव्हता.

दोघी शिवायला बसल्या. आई कापायची, आत्या चिकटवायची. पण आत्याकडे आता खरोखर कुणी उरलं नव्हतं. “नाव नसलेलं माणूस मला बसवता येत नाही,” ती म्हणाली. आईने बाजारातली सगळी माणसं देऊन टाकली: चाव्या बनवणारा, चपला शिवणारा, अंडीवाला, त्याच्याशी भांडणारा दुसरा अंडीवाला. “आणि ही कांदेवाली. हिला चांगली जागा द्या. तिच्यामुळे तर हे सगळं.” साडेदहाला सदतीस माणसं तयार झाली. पस्तीस बाराव्या ओळीत गेली. बाबांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या तेवढ्या उरल्या, आणि त्या दोन खुर्च्यांपाशी आत्याचा हात अडला.

आई टेबलाखाली गेली, मंचातून वर आली, हात लांब करून तिने पहिल्या रांगेतली लोकरीची आत्या उचलली आणि बाहेर येऊन वरून बाबांच्या उजवीकडे बसवली. “मला बाल्कनीतून काढा,” ती म्हणाली. आत्याने खुर्चीवर चढून आईला स्वच्छतागृहाच्या दारातून उचललं आणि बाबांच्या डावीकडे बसवलं. आईच्या पलीकडे कांदेवाली होती. त्या दोघींच्या रिकाम्या झालेल्या जागांवर दोन अंडीवाले गेले, एक पहिल्या रांगेत आणि एक बाल्कनीत. एवढं अंतर त्यांना पुरे.

अकराला साहेब आले, हॉलवाले आले. कानवाल्या बाईंनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि श्वास हळू घ्या म्हणून सांगितलं. चट्. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. आत्याने माझा हात धरला होता. धरला म्हणजे तो चिकटलाच होता, पण तिने तो घट्टही धरला होता.

“गेला,” बाई म्हणाल्या.

“अगंबाई, कोण?” आई दचकली.

“प्रतिध्वनी. अजिबात नाही.”

साहेबांनी पुन्हा एकदा ठिणगी उडवायला लावली, पुन्हा एकदा पडदा पाहिला, आणि पाहुण्यांना मोठ्याने सांगितलं की आमच्या ऑफिसात सुरुवातीपासून खऱ्या मॉडेलवरच विश्वास आहे. जाता जाता ते आत्याला हळूच म्हणाले, “छपाईचं मशीन जिन्याखाली बसेल.” आत्याने मान हलवली.

सगळे गेल्यावर आईने वाकून, एक डोळा मिटून, दक्षिणेच्या भिंतीच्या फटीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “आली हो माणसं राहायला.”

आत्याने चष्मा काढला आणि सरळ रडायला लागली. मी धावले, पण उशीर झाला होता. डोळे पुसायला नेलेला हात भुवईला चिकटला होता. आई तो पाण्याने हळूहळू सोडवत बसली.

“काही नाही गं, डोळ्यांत गेलं काहीतरी,” आत्या म्हणाली.

“इथे तर कांदेही नाहीत,” आई म्हणाली.

“कांदेवाली बसलीय ना तुझ्या शेजारी.”

आणि दोघी इतक्या हसल्या, की कानवाल्या बाई जिन्यातून ओरडल्या. बाबांच्या ब्लँकेटचा पायाकडचा भाग गेलाय, त्यामुळे ते आता मोजे घालून झोपतात आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही.